पंचनाम्याच्या फोटोंची प्रतवारी

कांद्याची प्रतवारी करणाऱ्या बाया आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ढिगापाशी बसायचे, एकेक कांदा उचलायचा, मोठा इकडे, मध्यम तिकडे, गोल्टी वेगळी. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर आमच्या कार्यालयात हेच काम चालले होते. फक्त कांद्याच्या जागी पंचनाम्याचे फोटो होते. पाण्यात उभे सोयाबीन, फुटलेले बांध, खरवडून गेलेली जमीन. सगळ्यांच्या मोबाइलमधले हजारो फोटो संगणकावर एकाच फोल्डरमध्ये ओतलेले, आणि तलाठी भाऊसाहेब म्हणतात, "आमच्या गावचे तेवढे काढून द्या." दोन माणसे दोन दिवस माऊस घेऊन बसली, तरी चार गावांच्या पुढे गाडी सरकेना.

अखेर कार्यालयातल्या संगणकचालक पोराने एक शेल स्क्रिप्ट लिहून दिली. नाव अवघड, वस्तू सोपी. शेंगेत दाणा आत आणि टरफल बाहेर, तसा संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा आत आणि त्याला आपला हुकूम पोहोचविणारा शेल बाहेर. हे हुकूम एकाखाली एक लिहून ठेवले की झाली स्क्रिप्ट. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली युनिक्सचे काम सुरू झाले, तिथून ही पद्धत आली. लिनक्सवर सर्रास मिळणारा बॅश हा शेल १९८९ सालचा. विंडोजवरही २०१६ पासून तो चालविण्याची सोय झाली. म्हणजे कार्यालयाला नवीन काही विकत घ्यावे लागत नाही.

आमच्या स्क्रिप्टमध्ये मोजून पाच-सहा ओळी होत्या. तिचा मराठीत अर्थ असा: ढिगातला एक फोटो घे. नावात पहिल्या आडव्या रेघेपर्यंत जे लिहिले आहे ते गाव समज. त्या गावाचे फोल्डर नसेल तर तयार कर. फोटो त्यात ठेव. पुढचा घे. नवे फोल्डर करणारा हुकूम एमकेडीआयआर, फाइल हलविणारा एमव्ही. बटण दाबले आणि चहा येईपर्यंत गावागावाचे फोल्डर तयार! आम्ही टाळ्या वाजविल्या.

टाळ्या जरा लवकर वाजल्या. तिसऱ्या दिवशी एक शेतकरी दारात उभे. "साहेब, धाकट्याच्या सोयाबीनचा फोटो हाय, माझा न्हाई म्हणत्यात. तुमीच की बांधावर हुता." खरेच होतो. दोघे भाऊ, गट एकच, पोटहिस्से दोन. फोटो दोन मोबाइलवर काढलेले आणि दोन्हींना नाव एकच दिलेले, गाव आणि गट क्रमांक. इथे एमव्हीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. त्या नावाची फाइल फोल्डरमध्ये आधीच असली, तर तो न विचारता जुनी पुसून नवी ठेवतो. आणि अशी पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्येही जात नाही. मग आम्ही सगळ्या फोल्डरची मोजणी केली. ढिगात होते त्यापेक्षा एकेचाळीस फोटो कमी भरले. हीच मोजणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. पोती मोजून घेतल्याशिवाय आपण ट्रॅक्टर सोडतो का?

सुदैवाने मोबाइलमधले मूळ फोटो कोणी पुसले नव्हते. ते पुन्हा उतरवून घेतले आणि स्क्रिप्ट सुधारली. एमव्हीला 'वजा एन' अशी खूण जोडली की त्याच नावाची फाइल असल्यास तो हात लावत नाही. फोटो ढिगातच मागे राहतो, म्हणजे सापडतो. हुकुमाच्या आधी 'एको' शब्द लिहिला, की प्रत्यक्ष काम न करता काय करणार ते नुसते पडद्यावर दाखवितो. आधी हे पाहायचे, मगच खरे चालवायचे. आणि मूळ ढीग कधीही हलवायचा नाही, त्याची नक्कल करून नकलेवर काम करायचे. नक्कल करणाऱ्या सीपी या हुकुमाला 'वजा पी' जोडावे, नाहीतर फाइलवर आजची तारीख पडते. पुढे तारखेप्रमाणे लावायला गेलात की सगळा पंचनामा एकाच दिवशी झालेला दिसतो.

आता नावांविषयी, कारण संगणकाची सारी भिस्त नावावर. आपण गट ४५/२ लिहितो. ती तिरपी रेघ फाइलच्या नावात चालत नाही, शेल तिचा अर्थ 'फोल्डरच्या आत' असा घेतो. ४५-२ लिहावे. नावात मोकळी जागा सोडली आणि स्क्रिप्टमध्ये ते नाव अवतरणचिन्हांत घेतले नसले, तर एका नावाचे दोन तुकडे होतात. सावरगाव आणि सावरगांव आपल्याला एकच, संगणकाला दोन गावे. त्या एका अनुस्वाराने आमच्याकडे एका गावाची दोन फोल्डरे झाली होती. 'पिंपळगावने सुरू होणारे सगळे' असा हुकूम सोडला, तर बुद्रुक आणि खुर्द दोन्ही एकाच गोणीत जातात. यावर आम्ही प्रत्येक गावाला एक ठरावीक अंक दिला आणि तक्ता भिंतीवर लावला. नावात आता गावाचा अंक, गट, पोटहिस्सा, मोबाइल कोणाचा ते अक्षर आणि फोटोचा क्रम. लांबलचक आहे खरे, पण दोन भावांचे फोटो एकमेकांवर पडत नाहीत.

व्हॉट्सॲपवरून पाठविलेल्या फोटोंचे दुखणे निराळे. साधा फोटो म्हणून पाठविला तर त्यातली जागेची आणि वेळेची नोंद गळून जाते. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविला तर टिकते. सहकाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

शेतकरी बंधूंनी पंचनाम्याच्या वेळी सातबारा हातात ठेवून गट आणि पोटहिस्सा मोठ्याने सांगावा, आणि मोबाइलवर काय टाइप झाले ते एकदा पाहून घ्यावे. त्यात साहेबांचा अपमान नाही. त्या थोरल्या भावाचा फोटो मिळाला, यादीत जोडला गेला. फोल्डर उघडून दाखविले तेव्हा त्यांनी चष्मा काढून नंबर दोनदा वाचला आणि म्हणाले, "आता धाकट्याचा बी दाखवा, त्याचा गेला नसंल ना?"