विसरभोळा रेडिओ

जुनी गाडी घेतली आणि तिच्यात नवा रेडिओ बसवून घेतला. पण रोज सकाळी किल्ली फिरवली की घड्याळ बारावर आणि आकाशवाणीचं केंद्र गायब! कवीने विसरभोळं असावं, ते खपतं, रेडिओने कशाला?

तक्रार केली तेव्हा बसवणाऱ्याने दोन वायरी एकत्र पिळून दिल्या. विसरणं थांबलं. पण आठ दिवस बाहेरगावी राहून आलो, तर गाडीच सुरू होईना. बॅटरी पार उतरलेली. शेवटी मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या वायरमन चाचांना बोलावलं. त्यांनी रेडिओ ओढून बाहेर काढला आणि मला वायरी दाखवल्या.

पिवळी वायर थेट बॅटरीची. तिच्यात चोवीस तास बारा व्होल्ट. घड्याळ आणि केंद्रांची आठवण तिच्यावर जगते, आणि गाणं लागलं की मोठा प्रवाहही तीच आणते. तांबडी किल्लीच्या ताब्यात. तिचं काम रेडिओला ‘आता जागा हो’ एवढंच सांगायचं. काळी अर्थची. बॅटरीचं ऋण टोक गाडीच्या पत्र्याला जोडलेलं असतं, म्हणून वीज पत्र्यातूनच परत जाते. ही काळी ढिली असेल, तर ॲक्सिलरेटर दाबाल तशी स्पीकरमधून शिट्टी चढत जाते.

माझ्याकडे पिवळी किल्लीला आणि तांबडी बॅटरीला लागली होती. काही गाड्यांत या दोन जागा मुळातच उलट असतात. नुसता सॉकेटला सॉकेट लावला की फसगत होते. मग दोन्ही बॅटरीला पिळल्यावर रेडिओ कधी पुरता झोपलाच नाही. नीट जोडलेला रेडिओ झोपेत काही मिलिॲम्पिअरच घेतो. म्हणून चाचा रंगावर विश्वास ठेवत नाहीत, मीटर लावून बघतात. इंजिन बंद असताना त्यांना साडेबारा व्होल्ट दिसले, चालू केल्यावर चौदाच्या आसपास.

स्पीकरच्या वायरींचं मात्र वेगळं. आताच्या रेडिओत त्यांतली एकही पत्र्याला टेकवायची नाही, नाहीतर आतला ॲम्प्लिफायर जळू शकतो. मागचा दहा-पंधरा ॲम्पिअरचा फ्यूज उडाला, तर त्या जागी तार गुंडाळायची नाही. उद्या शॉर्ट झाला तर वायरच पेटेल. हे सांगताना चाचांचा आवाज चढला होता. बहुधा त्यांनी तसं पाहिलं असावं.

पिळलेल्या वायरी सोडवून त्यांनी आपापल्या जागी जोडल्या, टेप गुंडाळली. मी पैसे काढले, तर म्हणाले, “पहले खबरें तो लगाओ.”