पडद्यावरचा सिंह रंगभूमीवर

घरोघर एखादा चित्रपट असा असतो कीं, तो नुसता पाहिला जात नाहीं. पाठ केला जातो. मुलांना त्यांतील प्रत्येक संवाद येतो, वडील मंडळींना गाणीं येतात, आणि कोणत्या प्रसंगीं धाकटें मूल उशींत तोंड लपविणार हेंहि सर्वांना ठाऊक असतें. अमेरिकेंतील डिस्ने कंपनीनें १९९४ सालीं काढलेला ‘द लायन किंग’ हा रेखाचित्रांचा बोलपट याच जातीचा. अशा चित्रपटाचें संगीत नाटक झालें म्हणजे तें पाहावयास निघालेल्या कुटुंबाच्या मनांत उत्सुकतेबरोबर एक धास्तीहि असते. आपला आवडता सिंह तेथें भेटेल काय? कीं केसाळ अंगरखा घातलेला एखादा माणूसच पाहून परतावें लागेल?

ही धास्ती निष्कारण नाहीं. चित्रपटाची कथा साधी, पण खोल आहे. मुफासा हा सिंहांचा राजा, सिंबा हा त्याचा छावा आणि स्कार हा राज्यलोभी चुलता. चुलता कपटानें भावाचा जीव घेतो, आणि पित्याच्या मृत्यूस आपणच कारण झालों अशा समजुतीनें छावा परागंदा होतो. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ची आठवण करून देणारी ही कथा मुलांसाठीं असली, तरी कित्येक मुलांची मृत्यूशीं पहिली ओळख तिच्यांतच झालेली आहे. चित्रकारानें रेखाटलेल्या छाव्याच्या डोळ्यांत जें दुःख दिसलें, तें लांकडाचा वा कापडाचा सिंह दाखवूं शकेल काय, हा खरा प्रश्न होता.

नाटकाच्या दिग्दर्शिका जूली टेमोर यांनीं या प्रश्नाचें उत्तर वेगळ्याच वाटेनें शोधलें. १९७० नंतरच्या दशकांत कांहीं वर्षें त्या इंडोनेशियांत राहिल्या होत्या, आणि तेथील मुखवट्यांची व बाहुल्यांची कला त्यांनीं जवळून पाहिली होती. माणसाला पशूच्या कातड्यांत दडवावयाचें नाहीं, दोघांनाहि एकाच वेळीं दाखवावयाचें, असें त्यांनीं ठरविलें. मायकेल करी या शिल्पकाराच्या साहाय्यानें त्यांनीं जे मुखवटे घडविले, ते नटाच्या तोंडावर नसतात. डोक्याच्या वर असतात. कर्ब-तंतूंच्या हलक्या द्रव्याचा बनविलेला मुफासाचा मुखवटा अवघा सुमारे ३०० ग्रॅम वजनाचा आहे. राजा शांत उभा असला म्हणजे नटाचा चेहरा उघडा दिसतो. तो क्रोधानें पुढें वाकला कीं मुखवटा खालीं येऊन चेहऱ्यापुढें उभा राहतो. माणसाचा पशु कसा होतो, हें एका मानेच्या हालचालींत दिसतें.

इतर प्राण्यांचीहि तीच तऱ्हा. नाटकाच्या प्रारंभीं पशुपक्ष्यांची मिरवणूक प्रेक्षकांच्या मधल्या वाटांनीं रंगमंचाकडे जाते. हत्तीच्या प्रत्येक पायांत एक माणूस चालत असतो. हातांपायांना उंच काठ्या बांधलेला नट जिराफ होतो. दुसरा एक नट चाकांची गाडी ढकलतो, आणि चाकें फिरतील तशीं तिच्यावरील हरणें उड्या घेतात. डोक्यावर गवताचे ताटवे घेतलेले नर्तक डोलूं लागले म्हणजे सारें कुरण वाऱ्यावर हललेंसें वाटतें. कांहींच लपविलेलें नसतें. दोरी दिसते, चाक दिसतें, माणूस दिसतो.

मग मूल काय पाहतें? पहिल्या क्षणीं त्याला काठ्यांवर चालणारा माणूस दिसतो. दुसऱ्या क्षणीं जिराफ. आणि थोड्याच वेळांत दोन्ही एकदम दिसूं लागतात. उरलेला जिराफ त्याचें मन पुरा करतें. महाराष्ट्रांतील प्रेक्षकाला ही गोष्ट परकी वाटण्याचें कारण नाहीं. बोहाड्यांत मुखवटा चढवून नाचणारा माणूस आपल्याच गांवचा आहे हें ठाऊक असूनहि लोक त्याच्यापुढें हात जोडतात.

ज्या प्रसंगाची सर्वांत अधिक धास्ती, तोहि याच रीतीनें साधला आहे. बिथरलेल्या रानजनावरांचा कळप छाव्यावर धांवून येतो, तेव्हां रंगमंचाच्या मागील बाजूस मोठे रूळ फिरूं लागतात. त्यांवरील जनावरें लहान असतात. पुढच्या रांगेंतील त्यांहून मोठीं. आणि सर्वांत पुढें मुखवटे घेतलेले नर्तक प्रेक्षकांच्या अंगावर आल्यासारखे धांवतात. राजा मरतो. त्यानंतर सिंहिणी शोक करितात तो असा: मुखवट्यांच्या डोळ्यांतून त्या पांढऱ्या फितीचे पट्टे ओढून बाहेर काढतात. फीत ही फीतच आहे हें लहान मुलालाहि कळतें. तरी प्रेक्षागृह स्तब्ध होतें. पुढें दुष्काळ येतो, तेव्हां पाण्याचें तळें म्हणून पसरलेलें रेशमी वस्त्र जमिनींतील एका छिद्रांतून हळूहळू ओढलें जातें, आणि तळें आटतें.

संगीतहि नुसतें पडद्यावरून उतरविलेलें नाहीं. चित्रपटासाठीं एल्टन जॉन व टिम राइस यांनीं रचलेलीं गाणीं आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला दक्षिण आफ्रिकेचे लेबो एम यांच्या समूहगायनाला मोठें स्थान मिळालें आहे. झुलूसारख्या आफ्रिकी भाषांतील शब्द भाषांतर न करितां तसेच गाइले जातात. दीड तासाहून कमी अवधीचा चित्रपट येथें मध्यंतर धरून अडीच तासांचा होतो. राफिकी हा वानर येथें स्त्री झाला आहे, आणि नाला या सिंहिणीला स्वतःचें दुःख गाण्यास अवसर मिळाला आहे. उलट, विनोदी जोडीचे संवाद जेथें चित्रपटांतले तसेच येतात, तेथें मुलें ओळ येण्यापूर्वींच हंसतात खरीं, पण नवें कांहीं घडत नाहीं. नक्कल तेवढी उणी पडते.

हें नाटक प्रथम जुलै १९९७ मध्यें मिनियापोलिस येथें झालें, आणि १३ नोव्हेंबर १९९७ रोजीं न्यूयॉर्क येथें त्याचा विधिपूर्वक प्रारंभ झाला. १९९८ सालीं त्याला सर्वोत्तम संगीत नाटकाचें टोनी पारितोषिक मिळालें. संगीत नाटकाच्या दिग्दर्शनाचें टोनी पारितोषिक मिळविणाऱ्या टेमोर या पहिल्याच स्त्री ठरल्या. लंडन येथें तें १९९९ सालीं आलें. जगभर १० कोटींहून अधिक लोकांनीं तें पाहिलें आहे.

मुलांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबानें दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. एक, माणसें उघड दिसणार आहेत, हें मुलांना आधींच सांगावें. दुसरी, शक्य तर मधल्या वाटेलगतची जागा घ्यावी. हत्ती तेथूनच जातो. मग घरीं परतल्यावर काय होतें तें पाहावें. चित्रपट संपला म्हणजे मूल ‘पुन्हां लावा’ म्हणून हट्ट धरतें. या नाटकाहून परतलेलें मूल बहुधा जुनी चादर, एखादी काठी आणि थोडी फीत मागतें. तीं त्याला द्यावीं.