पेट स्कॅनची तयारी आदल्या दिवसापासून

पुसद-उमरखेडकडचा रुग्ण पेट स्कॅनसाठी नागपूरला निघाला की घरचे म्हणतात, 'लांबचा प्रवास आहे, दोन घास खाऊन जा.' नेमके तेच टाळायचे असते.

ही तपासणी शरीरात साखर कुठे किती खपते ते दाखवते. कर्करोगाच्या पेशी ग्लुकोज अधाशासारखे ओढतात, हे ऑटो वॉरबर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने 1920च्या दशकात दाखवून दिले. त्याचाच उपयोग करून शिरेतून एफडीजी टोचतात. हे ग्लुकोजसारखेच द्रव्य, पण त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेले असते. जिथे ते जास्त साठते, तो भाग पडद्यावर उजळतो.

पण साखर स्नायूंनाही लागते. आदल्या दिवशी कापूस वेचला, ओझी उचलली, तर खांदे-पाठ उजळू शकते. इंजेक्शननंतर तंबाखूचा खर्रा चघळला तर जबड्याचे स्नायू उजळतात, आणि तोंडाच्या कर्करोगात डॉक्टरांना तीच जागा नीट पाहायची असते. थंडीत कुडकुडत आलात, तर ऊब देणारी मानेजवळची तपकिरी चरबी साखर ओढते. म्हणून स्वेटर घालूनच निघा.

स्कॅनआधी साधारण 4 ते 6 तास उपाशी राहावे लागते. साधे पाणी चालते, साखरेचा चहा नाही. रक्तातली साखर सहसा प्रति डेसिलिटर 200 मिलिग्रॅमच्या आत लागते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नका. तारीख घेतानाच विचारा. गर्भवती आणि अंगावर पाजणाऱ्या मातांनी तसे आधीच सांगावे. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचे. मग स्कॅनला सहसा अर्धा तास पुरतो. नंतर भरपूर पाणी प्या आणि काही तास तान्ह्या मुलांपासून दूर राहा.

वेळही पाळायलाच हवी. फ्लोरिन-18 दर 110 मिनिटांनी निम्मे होते. ते सायक्लोट्रॉन या यंत्रात तयार होते. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002मध्ये मुंबईत परळला सुरू झाला. इतक्या लवकर निम्मे होणारे हे एफडीजी उद्यासाठी ठेवता येत नाही. एसटी चुकली तर डोस वाया जाऊ शकतो; शक्यतो आदल्या रात्रीच मुक्कामाला जा.

उजळलेला प्रत्येक ठिपका कर्करोगाचा नसतो. क्षयरोग, भरत आलेली जखम, नुकतीच झालेली बायोप्सीही तशीच दिसू शकते. त्यामुळे जुने रिपोर्ट, केमो-रेडिएशनच्या तारखा सोबत न्या आणि अहवालाचा अर्थ आपल्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या.