स्टार घटले, गाडी तीच

मोटारीला मिळणारे सुरक्षेचे स्टार म्हणजे एका ठरावीक साली, त्या सालच्या नियमांनुसार आणि गाडीच्या ठरावीक आवृत्तीवर घेतलेल्या धडक-चाचणीचा निकाल. यातले साल आणि आवृत्ती या दोन्ही गोष्टी गाडी घेताना विसरल्या जातात. नांदेड-लातूरकडे एमएच २६ आणि एमएच २४ क्रमांकांच्या लहान गाड्या एकदा नव्हे तर दोन-तीनदा हात बदलतात, आणि दर वेळी गाडीच्या जोडीने तिच्याबद्दलचे समजही नव्या मालकाकडे जातात.

सर्वांत पक्का गैरसमज असा, की स्टार कमी झाले म्हणजे कंपनीने पत्रा पातळ केला. मारुतीच्या वॅगनआरचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत या गाडीला २०१९ मध्ये प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी दोन स्टार मिळाले. २०२३ मध्ये त्याच पिढीच्या वॅगनआरला एकच स्टार मिळाला. मधल्या काळात गाडीत भरच पडली होती: आधी फक्त चालकासाठी एअरबॅग होती, नंतर शेजारच्या सीटलाही आली. स्विफ्टचेही तसेच झाले. २०१८ मध्ये दोन स्टार, २०२२ मध्ये एक. बदलली ती चाचणी. जुलै २०२२ पूर्वी भारतीय गाड्यांचे स्टार मुख्यतः समोरच्या धडकेवर ठरत. त्यानंतर बाजूची धडक, गाडी घसरू लागल्यास तिला आपोआप सावरणारी ईएससी यंत्रणा आणि पादचाऱ्यांचे संरक्षण यांचाही हिशेब होऊ लागला. जुन्या आराखड्यात या गोष्टींसाठी मुळात जागाच ठेवलेली नसेल, तर गाडी जशीच्या तशी असूनही निकाल खाली येतो.

युरोपातला दाखला याहून ठळक आहे. फियाटच्या ग्रँडे पुंटोला २००५ मध्ये युरो एनकॅपने पाच स्टार दिले होते. तोच आराखडा २०१७ मध्ये पुन्हा तपासला गेला, तेव्हा पुंटोला शून्य स्टार मिळाले. बारा वर्षांत आराखडा तोच राहिला आणि मोजपट्टी पुढे गेली. (पुंटो भारतातही बनत असे, पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावला; पण इथल्या गाडीला युरोपातले स्टार लावता येत नाहीत. एकाच नावाच्या गाडीतली उपकरणे देशागणिक वेगळी असतात.) म्हणून ‘पाच स्टारची गाडी’ एवढेच सांगणारा अर्धीच माहिती देतो. कोणत्या सालचे पाच, हे विचारायला हवे.

‘शून्य स्टार असलेली गाडी सरकारने विकूच कशी दिली?’ हा प्रश्नही नेहमीचा. कायद्याची चाचणी वेगळी आणि स्टारची वेगळी. ताशी ५६ किलोमीटर वेगाने समोरून होणारी धडक आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने बाजूने होणारी धडक या चाचण्या भारतात नव्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०१७ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना १ ऑक्टोबर २०१९ पासून सक्तीच्या झाल्या. स्टार ठरवणारी समोरची धडक मात्र ताशी ६४ किलोमीटरने होते. फरक आठ किलोमीटरचा दिसतो, पण धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ती सुमारे तीस टक्के जास्त भरते. कायद्यात पास झालेली गाडी इथे नापास होऊ शकते, आणि त्यात बेकायदा काही नसते. स्टारांमुळे गाडी बंद होत नाही. सक्तीच्या नियमांमुळे होते. १९८४ पासून चालत आलेली मारुती ओम्नी २०१९ मध्ये थांबली, कारण तिचा आराखडा नव्या धडक-नियमांत बसवणे शक्य नव्हते. रस्त्यावर आधीच असलेल्या ओम्नींना मात्र हे नियम लागू झाले नाहीत. ‘जुन्या गाड्या आता बंद होणार’ ही धास्ती या नियमांपुरती तरी निराधार आहे.

‘जुनी गाडी म्हणजे लोखंड’ हे वाक्य मात्र जिवावर बेतू शकते. धडकेत पत्रा चेपला नाही, तर धक्का आत बसलेल्या माणसाच्या छातीपर्यंत पोचतो. चांगल्या आराखड्यात पुढचा भाग ठरवून चुरगळतो आणि प्रवासी बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २००९ मध्ये १९५९ ची शेवरले बेल एअर आणि २००९ ची शेवरले मालिबू यांची समोरासमोर धडक घडवली. दणकट म्हणून नावाजलेल्या जुन्या गाडीचा पिंजराच कोसळला. खरा चालक असता तर तो वाचला नसता. मालिबूतल्या चालकाचे किरकोळ दुखापतीवर निभावले असते. बंपरपुढे लावले जाणारे लोखंडी गार्डही याच समजातून येतात. ते चुरगळण्याच्या क्रमात आणि एअरबॅगच्या सेन्सरमध्ये अडथळा आणतात, पादचाऱ्याला जास्त इजा करतात, आणि ते बेकायदाही आहेत.

एअरबॅग लावल्या की गाडी सुरक्षित झाली, हे अर्धसत्य आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने ऑल्टो ८००, नॅनो, फिगो, आय१० आणि पोलो या पाच गाड्यांचे निकाल दिले, तेव्हा एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना शून्य मिळाले. दोन एअरबॅगांसह पोलो चारवर गेली, कारण तिचा पिंजरा मुळात टिकणारा होता. ऑल्टो, नॅनो आणि आय१० यांचा सांगाडा अस्थिर ठरला होता. तिथे नुसत्या पिशवीने भागणारे नव्हते. आणि पिंजरा कितीही पक्का असो, सीटबेल्टवाचून एअरबॅग पुरेसे काम करत नाही. मागच्या सीटचा बेल्टही कायद्याने सक्तीचा आहे. मराठवाड्याने याची किंमत मोजली आहे. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत मराठवाड्यातले नेते आणि तेव्हाचे केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीवर दुसरी गाडी आदळली, तेव्हा ते मागच्या सीटवर होते. त्यांनी बेल्ट लावला असता तर ते वाचू शकले असते, असे तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी म्हटले होते.

पाच स्टारची लहान गाडी आणि पाच स्टारची मोठी गाडी सारख्याच सुरक्षित, असेही नाही. चाचणीतली समोरची धडक साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी झालेल्या टकरीसारखी असते. तुळजापूर, लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ हिवाळ्यात उसाच्या ट्रॉल्यांनी भरतो. मागे दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली कोणत्याच चाचणीत नसते. ताशी ८० किलोमीटरला धडकेतली ऊर्जा ६४ च्या दीडपटीहून अधिक, १०० ला जवळपास अडीचपट होते. स्टार कितीही असले तरी या वेगांची हमी ते देत नाहीत.

आता भारताची स्वतःची मोजपट्टी आहे. भारत एनकॅपची घोषणा केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी यांनी २२ ऑगस्ट २०२३ रोजी केली आणि १ ऑक्टोबरपासून ती लागू झाली. ती ऐच्छिक आहे, म्हणून एखाद्या गाडीला स्टार नसणे याचा अर्थ ती नापास झाली असा होत नाही. ती तपासलीच गेली नसेल. ही मोजपट्टीही पुढे कडक होत जाईल आणि आजचे पाच स्टार उद्या कमी वजनाचे ठरतील.

जुनी गाडी घेणाऱ्याने म्हणून मॉडेलच्या नावावर विसंबू नये. नोंदणी पुस्तकातला उत्पादनाचा महिना पाहावा. चालकाची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, आणि शेजारच्या सीटची विक्रीत असलेल्या मॉडेलना २०२१ अखेरपर्यंत बसवावी लागली. त्याआधीच्या गाडीत ती असेलच असे नाही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत विझतो का, हे पाहावे. दिवा लागतच नसेल किंवा विझत नसेल, तर आधीच्या अपघातात उघडलेली एअरबॅग पुन्हा बसवलेली नसण्याची शक्यता आहे. अशा गाडीचा व्यवहार मेकॅनिककडून तपासणी झाल्याशिवाय करू नये.