स्ट्रीमिंग आणि टीव्ही : गैरसमज आणि वस्तुस्थिती

भारतात २०१५ मध्ये हॉटस्टार आणि जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स सुरू झाल्यानंतर घरातील मनोरंजनाचा मोठा भाग इंटरनेटवरून येऊ लागला. मात्र ही व्यवस्था कशी चालते हे ग्राहकाला क्वचितच समजावून सांगितले जात असल्याने अनेक कुटुंबांचा पैसा नको तिथे खर्च होतो. पडद्यावरील चित्र हे वर्गणीचा प्रकार, मूळ चित्रफीत, उपकरण आणि इंटरनेट जोडणी या सर्वांवर मिळून अवलंबून असते, आणि त्यांतील सर्वांत दुबळा घटक चित्राचा दर्जा ठरवतो.

गैरसमज १ : चित्र धूसर झाले की अधिक वेगाचा इंटरनेट प्लॅन घ्यावा लागतो.

वस्तुस्थिती : स्ट्रीमिंग सेवा प्रत्येक चित्रफितीच्या कमी-अधिक दर्जाच्या अनेक आवृत्त्या तयार करून त्यांचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, आणि प्रत्येक तुकडा मागवताना टीव्हीतील अॅप त्या क्षणी मिळणारा वेग पाहून योग्य ती आवृत्ती निवडते; वेग घटला की चित्र थांबण्याऐवजी धूसर होते, ते या पद्धतीमुळेच. नेटफ्लिक्सच्या शिफारशीनुसार फुल एचडीसाठी सेकंदाला ५ मेगाबिट आणि ४केसाठी १५ मेगाबिट वेग पुरतो. त्यामुळे १०० मेगाबिटचा प्लॅन असूनही चित्र धूसर दिसत असेल, तर दोष बहुधा राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या भिंतींत किंवा शेजारच्या वाय-फायच्या गर्दीत असतो. अशा वेळी राउटर जवळ आणणे, ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडणे किंवा थेट लॅन केबल जोडणे अधिक उपयोगी ठरते.

गैरसमज २ : ४के टीव्ही घेतला की सर्व कार्यक्रम ४केमध्ये दिसतात.

वस्तुस्थिती : ४के टीव्हीच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६० इतके चित्रबिंदू असतात, परंतु कार्यक्रम तितक्या तपशिलाने उपलब्ध नसेल किंवा वर्गणीत तो दर्जा समाविष्ट नसेल, तर टीव्ही मूळ चित्र केवळ ताणून मोठे करतो. शिवाय चोरून प्रती काढल्या जाऊ नयेत म्हणून चित्रफीत कुलूपबंद स्वरूपात पाठवली जाते आणि उपकरणातील संरक्षण प्रणाली ती उघडते. अँड्रॉइड उपकरणांवरील वाइडवाइन या प्रणालीत ‘एल१’ पातळीवर हे काम प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यात होते, तर ‘एल३’ पातळीवर ते साध्या सॉफ्टवेअरवर सोपवलेले असते; म्हणूनच ‘एल१’चे प्रमाणपत्र नसलेल्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्सवर ‘४के’ असे छापलेले असले, तरी नेटफ्लिक्ससारखी सेवा त्यावर फक्त स्टँडर्ड डेफिनिशनचे चित्र देते.

गैरसमज ३ : फोनवरून कास्ट केलेला कार्यक्रम फोनमधून टीव्हीत जातो.

वस्तुस्थिती : यूट्यूबसारख्या अॅपमधून कास्ट करताना फोन टीव्हीला फक्त कोणता व्हिडिओ हवा ते कळवतो आणि टीव्ही तो इंटरनेटवरून स्वतः मागवतो, त्यामुळे फोन बंद केला तरी व्हिडिओ सुरू राहतो. फोनचा संपूर्ण पडदा टीव्हीवर दाखवणारे ‘मिररिंग’ मात्र वेगळे असून त्यात फोनला सतत राबावे लागते.

गैरसमज ४ : ‘लाइव्ह’ सामना अॅपवर आणि डीटीएचवर एकाच क्षणी दिसतो.

वस्तुस्थिती : तुकडे पाडणे, ते सर्व्हरवर पोहोचवणे आणि चित्र अडखळू नये म्हणून उपकरणाने काही तुकडे आधीच साठवून ठेवणे यांत वेळ जातो, त्यामुळे अॅपवरील प्रक्षेपण डीटीएचच्या काही सेकंद, कधी कधी त्याहून बरेच मागे असते. हा विलंब पद्धतीचाच भाग असल्याने नवा टीव्ही घेऊन तो नाहीसा होत नाही.

गैरसमज ५ : टीव्हीतील अॅप चालेनासे झाले की टीव्ही निकामी झाला.

वस्तुस्थिती : पडदा अनेक वर्षे टिकतो, पण सॉफ्टवेअरला मिळणारा आधार त्याआधीच संपू शकतो; २०१० आणि २०११ सालच्या काही सॅमसंग स्मार्ट टीव्हींवर नेटफ्लिक्स डिसेंबर २०१९ पासून बंद झाले. एचडीएमआय पोर्ट असलेल्या अशा टीव्हीला काही हजार रुपयांची स्ट्रीमिंग स्टिक जोडली की तो पुन्हा उपयोगात येतो. म्हणून नवीन खरेदीपूर्वी वर्गणीचा प्रकार, उपकरणाचे प्रमाणपत्र आणि टीव्हीजवळ मिळणारा वाय-फायचा वेग या तीन गोष्टी तपासणे ग्राहकाच्या हिताचे आहे.