रजेचे दिवस जातात कुठे?

वर्दी आणि घर : भाग 6

मलकापूर नाहीतर शेगाव स्टेशनवर पहाटेच्या गाडीतून फौजी उतरला की लांबूनच ओळखू येतो. पाठीवर हिरवा पिट्टू, हातात पोरांसाठी सुक्या मेव्याची पिशवी आणि बाहेर मोटरसायकल घेऊन थांबलेला भाऊ. बुलढाणा शहराला अजून रेल्वे नाही. जम्मूहून निघालेला माणूस भुसावळला गाडी बदलतो, मलकापूरला उतरतो आणि राजूर घाट चढून घर गाठतो.

गेल्या आठवड्यात बदल्या आणि फॅमिली क्वार्टरविषयी लिहिलं. आज रजेविषयी लिहितो, कारण फौजीच्या संसाराचं गणित जुळतं किंवा बिघडतं ते इथंच.

लष्करातल्या जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक आणि 30 दिवस कॅज्युअल रजा असते. आकडा ऐकणाऱ्याला भरपूर वाटतो. पण रजा हक्काने मागून मिळत नाही. युनिटमध्ये किती जण हजर हवेत हे आधी ठरतं, मग बाकीच्यांच्या पाळ्या लागतात. दिवाळी सगळ्यांनाच हवी असते. आमच्याकडच्या मुलांना शिवाय जून हवा असतो, कारण सोयाबीन-कपाशीच्या पेरणीला घरात धडधाकट माणूस लागतो. दोन्ही एकाच वर्षी मिळणं दुर्मीळ. मिळालेली रजाही पुरी होईल याची खात्री नाही. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी रजेवरच्या जवानांना परत बोलावलं, तेव्हा शेजारच्या जळगाव जिल्ह्यातला एक जवान लग्नाची हळद ओली असतानाच सरहद्दीकडे निघाला होता.

गावात सगळ्यांना ‘फौजी’ हा एकच शब्द लावतात. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात आपल्या जिल्ह्यातले दोघे गेले, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड. दोघेही सीआरपीएफचे. हे दल गृह मंत्रालयाखाली येतं, त्याचे रजेचे, पेन्शनचे, दवाखान्याचे नियम लष्करापेक्षा वेगळे. मुलगी देताना लोक पगार विचारतात, हे विचारत नाहीत. विचारायला हवं.

अग्निवीराचं आणखी वेगळं. चार वर्षांची नोकरी आणि वर्षाला 30 दिवस रजा. बुलढाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराईचा अक्षय गवते ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनला कर्तव्यावर असताना गेला. भरती होऊन वर्षही झालं नव्हतं. 30 दिवस म्हणजे किती थोडे, हे अशा वेळी आई-वडिलांना कळतं.

आता मिळालेल्या दिवसांचं काय होतं ते पाहू. पहिले चार दिवस भेटायला येणाऱ्यांचे. मग तलाठ्याकडचा फेरफार, बँकेतलं पीककर्ज, बांधाचा वाद, बहिणीच्या सोयरिकीची बोलणी, गळकं छप्पर. दोन महिने कसे सरले कळत नाही आणि बायकोशी निवांत बोलणं होतं ते परतीची पेटी भरताना. यातली निम्मी कामं त्याच्या हजेरीशिवाय होऊ शकतात. नोंदणीकृत मुखत्यारपत्र बायकोच्या नावे करून दिलं तर जमिनीची आणि बँकेची बरीच कामं तीच उरकते. कोर्टात दावा असेल तर 1925 चा भारतीय सैनिक (दावे) कायदा आहे. ठरावीक परिस्थितीत सेवेत असलेल्या जवानाविरुद्धचं कामकाज त्यामुळे पुढे ढकलता येतं. अडचण आली तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावं. तिथं बायकोनं एकटीनं जायला काहीच हरकत नाही.

कागदांपेक्षा अवघड गोष्ट घरात घडते. दहा महिने ती एकटी घर चालवते. मुलांचा अभ्यास, सासूची औषधं, मजुरांची मजुरी, सगळ्याला तिनं एक वळण लावलेलं असतं. तो येतो आणि आठवडाभरात ते मोडतो. एक बाप मुलांना मागतील ते देतो, कारण त्याला अपराधी वाटत असतं. दुसरा पोरांना परेडवर उभं करतो, कारण दुसरी भाषा त्याला उरलेली नसते. तो गेला की घडी पुन्हा बसवायला तिला महिना लागतो. मला वाटतं, रजेवर आलेल्या माणसानं सुरुवातीचे काही दिवस फक्त बघावं. घर आता कसं चालतं, मुलगी कोणाशी बोलते, मुलगा कशाला घाबरतो, हे विचारून घ्यावं. हुकूम नंतर.

दर 12 जानेवारीला सिंदखेडराजाला लाखभर माणसं लोटतात आणि राजांच्या मातेचा जयजयकार होतो. शहाजीराजे कर्नाटकात असताना पुण्याची जहागीर सांभाळणारी, लढवय्याच्या माघारी निर्णय घेणारी बाईही तीच होती. तिच्याविषयी त्या दिवशी जरा कमी बोललं जातं. आपल्याच जिल्ह्यात आज शेकडो घरं तशी चालली आहेत, म्हणून हे बोलायला हवं.

पुढच्या आठवड्यात पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्न-अपत्यांची लष्करी दप्तरातली नोंद, आणि कुटुंब पेन्शनची कागदपत्रं पाहू. ज्यांच्या घरचा जवान सध्या रजेवर आहे, त्यांनी तोवर एक काम करावं. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये बायकोचं नाव माहेरचं आहे की सासरचं, आणि आधार कार्डावर नेमकं तेच आहे का, हे दोघांनी शेजारी बसून ताडून पाहावं.