विश्लेषण : जुनाट अ‍ॅसिडिटीवर शस्त्रक्रिया कोणासाठी?

धानाची रोवणी म्हणजे दिवसभर कमरेतून वाकणे. अ‍ॅसिड रिफ्लक्स असलेल्यांना हे वाकणे नेमके नडते. पोटावर दाब येतो आणि आंबट पाणी घशाशी येते. मेडिकलमधून आणलेल्या गोळीवर दिवस निघतो, पण वर्षे गेली तरी गोळी सुटत नाही. मग कोणीतरी ‘ऑपरेशन करून टाका’ असे सुचवतो. गोंदियासारख्या जिल्ह्यातल्या रुग्णाने या सल्ल्याचे काय करावे?

बिघाड कुठे असतो?

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची तीन-चार सेंटिमीटर लांबीची झडप असते. ती ढिली पडली, किंवा जठराचा वरचा भाग छाती-पोटामधल्या पडद्यातून वर सरकला (याला हायटस हर्निया म्हणतात), तर आम्ल उलटे चढते. गोळी आम्ल कमी करते, झडप दुरुस्त करत नाही. म्हणून काहींची जळजळ थांबते, पण रात्री आडवे झाल्यावर अन्न-पाणी वर येणे सुरूच राहते. शस्त्रक्रियेचा सर्वाधिक उपयोग अशांना होतो.

शस्त्रक्रियेत काय करतात?

जठराचा वरचा भाग अन्ननलिकेच्या टोकाभोवती मफलरसारखा गुंडाळून टाके घालतात. हर्निया असेल तर पडद्यातले छिद्रही लहान करतात. याला फंडोप्लिकेशन म्हणतात. रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. (आइन्स्टाइन यांच्या पोटातल्या फुगलेल्या रक्तवाहिनीवर १९४८ मध्ये शस्त्रक्रिया करणारे ते हेच.) १९९१ पासून ती दुर्बिणीतून होऊ लागली. निसेन पद्धतीत वेढा पूर्ण असतो, तर टूपे पद्धतीत २७० अंशांचा. अर्धवट वेढ्यात घास अडकण्याचा आणि पोट फुगण्याचा त्रास तुलनेने कमी होतो. वजन खूप जास्त असेल तर गॅस्ट्रिक बायपासचा विचार होतो. मात्र वजनासाठीच केल्या जाणाऱ्या स्लीव्ह शस्त्रक्रियेने रिफ्लक्स वाढू शकतो, हे आधीच विचारून घ्यावे.

तपासण्यांचा आग्रह कशासाठी?

हा भाग सर्वांत महत्त्वाचा. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. गोळीने जळजळ थांबत नाही अशी तक्रार असलेले ३६६ रुग्ण त्यात आले. तपासण्यांनंतर शस्त्रक्रिया की औषध या तुलनेसाठी उरले फक्त ७८. बेचाळीस जणांना तर तीच गोळी नीट, वेळेवर घेतल्यावर आराम पडला! ९९ जणांची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. ज्यांचा आजार खरोखर रिफ्लक्सचा निघाला आणि शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापैकी ६७ टक्क्यांना चांगला फायदा झाला. औषध बदलून पाहिलेल्यांत हे प्रमाण २८ टक्के होते.

म्हणून एंडोस्कोपी, २४ तासांची आम्लमापन चाचणी आणि अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्री आधी हवी. अकॅलेशिया या आजारात झडप उघडतच नाही, तरी तक्रार पित्तासारखीच वाटते. अशा रुग्णाची झडप आणखी आवळली तर अन्न उतरणेच बंद होईल. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे सुरुवात तिथून करता येते. मॅनोमेट्री सगळीकडे होत नाही, तिच्यासाठी नागपूरची फेरी पडू शकते. ती फेरी टाळून ऑपरेशनला होकार देऊ नये. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

ऑपरेशननंतर गोळी कायमची सुटते?

नेहमीच नाही. अमेरिकेतल्याच एका जुन्या अभ्यासात दहा-बारा वर्षांनी ६२ टक्के शस्त्रक्रिया झालेले रुग्ण पुन्हा औषध घेत होते. ढेकर नीट न येणे आणि पोट फुगणे या तक्रारीही होतात. सुरुवातीचे काही आठवडे पेज, वरण, मऊ भात खावा लागतो. पोळी-भाकरीचा घास अडकतो. धानाची पोती उचलणे डॉक्टर सांगतील तोवर बंद. खर्रा चालूच राहिला तर झडपेवरचा तंबाखूचा परिणामही चालूच राहतो.

गिळताना अन्न अडकणे, वजन उतरणे किंवा काळी शौच होणे, यांपैकी काही असेल तर गोळ्या बदलत बसू नका, लगेच एंडोस्कोपी करून घ्या. चालताना वाढणारी, घाम आणणारी जळजळ मात्र हृदयाची असू शकते. तिथे पहिली तपासणी ईसीजीची.